गेटबाहेरचे गाव

उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात 31 डिसेंबर 2024 रोजी जे घडले त्याची चित्रफीत नागपुरात बहुतेकांनी पाहिली असेल. गोठणगावच्या सफारी मार्गावर एफ-2 ही वाघीण आणि तिचे पाच बछडे. पुढे जिप्सी, मागे जिप्सी, त्यांची वाट अडलेली, आणि सरत्या वर्षाचा आनंद लुटायला आलेल्यांच्या हातात मोबाइल. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, वनखात्याने चालक आणि गाइडना निलंबित केले, दंड लावला. शिक्षा योग्यच होती. पण त्या गाड्या तिथे का थांबल्या याचे सगळे उत्तर चालकांच्या बेशिस्तीत सापडत नाही.

गाइडला फी मिळते ती फेरीमागे, बक्षीस मात्र वाघावर. वाघ दिसला तर खिशातून नोट निघते; नाही दिसला तर गेटवर उतरताना साहेब त्याच्याकडे बघतही नाहीत. म्हणून समोरून येणाऱ्या प्रत्येक जिप्सीला पहिला प्रश्न ‘दिसला का?’ आणि ‘हो’ म्हटले की सगळ्या गाड्या एकाच पाणवठ्याकडे. गवा, स्वर्गीय नर्तक पक्षी, रानकुत्र्यांची टोळी यांच्यासाठी कोणी ब्रेक दाबत नाही. त्यात 1 जुलै ते 30 सप्टेंबर गाभा क्षेत्र बंद. मग धानाची रोवणी आणि मिळेल ती मजुरी. नऊ महिन्यांत वर्षभराचे कमवायचे असेल तर नियम पाळणारा गाइड तोट्यात जातो. ही व्यवस्था आपणच उभी केली आहे.

एकट्या वाघावर उभे केलेले पर्यटन किती ठिसूळ असते हे याच अभयारण्याने एकदा दाखवून दिले आहे. 2012 मध्ये त्याची अधिसूचना निघाली. 2013 मध्ये नागझिऱ्याहून चालत ‘जय’ हा वाघ आला आणि उमरेडचे नाव देशभर झाले. एप्रिल 2016 नंतर जय दिसलाच नाही. पाठोपाठ गर्दीही ओसरली. वाघ तर कुठेही जातो, त्याला सीमा नसतात. पण त्याच्या भरवशावर जिप्सीचे कर्ज काढणाऱ्याला हप्ता चुकवता येत नाही.

नागपूर स्वतःला ‘टायगर कॅपिटल’ म्हणवते. बिरुद मिरवायला हरकत नाही, पण त्याची किंमत कोण मोजतो? राज्यात 2018 च्या गणनेत 312 वाघ होते, 2022 मध्ये 444 झाले. हे वाढलेले वाघ गाभ्यातच राहत नाहीत. ते गावाच्या सरपणाच्या आणि मोहफुलाच्या जंगलात येतात. 10 मे 2025 रोजी चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मेल्या. तेंदूच्या हंगामात पहाटे जंगलात शिरणारी बाई आणि त्याच पहाटे सफारीच्या गेटवर रांग लावणारा पर्यटक, दोघांचा वाघ एकच असतो. एकाला तो फोटोत हवा असतो, दुसरीला तो वाटेत नको असतो. निसर्ग पर्यटनाचा अर्थ लागायचा असेल तर या दोघांचा हिशेब एका वहीत मांडावा लागेल.

पैसा नाही असे नाही. 2006 च्या दुरुस्तीने वन्यजीव कायद्यात व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठानाची तरतूद झाली. गेटवरचे उत्पन्न सरकारी तिजोरीत न जाता याच प्रतिष्ठानाकडे राहते. पेंचमध्ये ते आहे, ताडोब्यात आहे. ही सोय चांगली आहे. अडचण एवढीच की, खर्च कशावर करायचा हे ठरवणाऱ्या टेबलाभोवती मुख्यतः मंत्री आणि अधिकारी बसतात, ग्रामसभा बसत नाही. गावची परिस्थितीकीय विकास समिती वरून येईल त्याची वाट पाहते. नेपाळने या बाबतीत आपल्याला मागे टाकले आहे. तिथे उद्यानाच्या उत्पन्नातील 30 ते 50 टक्के वाटा बफर क्षेत्रातील लोकांच्या विकासासाठी नियमानेच राखून ठेवला जातो. आपल्याकडे मात्र गावाचा वाटा अजून अधिकाऱ्यांच्या मर्जीवर आहे. चांगला क्षेत्रसंचालक आला तर गावाचे भाग्य, नाहीतर नशीब.

वाघाशिवाय काय होऊ शकते हेही नागपूर जिल्ह्यातच दिसले आहे. जानेवारी 2024 मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला ‘डार्क स्काय पार्क’चा दर्जा मिळाला, भारतात पहिलाच. त्यासाठी वाघोली, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतले रस्त्यावरचे दिवे बदलून उजेड जमिनीकडे वळेल असे बसवले गेले, आणि वाघोलीजवळ दुर्बीण आली. आकाश बघायला आलेला माणूस रात्र मुक्कामी राहतो, गावात जेवू शकतो, आणि कोणत्याही वाघिणीची वाट अडवत नाही. अर्थात या आकाशालाही शत्रू आहेत. बफरमध्ये लग्नांचे लॉन, डीजे आणि रात्रभर जळणारे फोकस आले की चार गावांत बदललेल्या दिव्यांवर पाणी फिरेल.

नागपूरबाहेरही अशी उदाहरणे आहेत. कोकणातल्या वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेच्या मदतीने लोकांनी ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी वाचवली. आज पिल्ले समुद्रात जाताना पाहायला येणारे पाहुणे गावातल्या घरांतच उतरतात, घरचेच जेवतात. कासच्या पठारावर दिवसाला तीन हजारांची मर्यादा आहे आणि व्यवस्थेत आसपासच्या गावांच्या समित्या आहेत. दोन्हीकडे गर्दीचे प्रश्न आहेतच, भांडणेही होतात. पण येणाऱ्या पाहुण्याचा पैसा आधी गावात थांबतो.

आणखी एक देणे नागपूरकर सहसा विसरतात. आपल्या नळाला येणारे बहुतेक पाणी पेंचचे. तोतलाडोहचा जलाशय आज राष्ट्रीय उद्यानात येतो, तिथे मासेमारीला बंदी आहे. मासेमारीवर पोट भरणाऱ्या ढिवर कुटुंबांचा या बंदीवरून वनखात्याशी वर्षानुवर्षे संघर्ष झाला. शहराला पाणी मिळाले, पर्यटकांना जंगल मिळाले. या कुटुंबांना जलपर्यटनात, गस्तीत, गाइडच्या कामात पहिला मान देणे हे उपकार नव्हेत, थकबाकी आहे.

तेव्हा करायचे काय? बक्षिसाची प्रथा मोडून गाइडला पावसाळ्यासह बारा महिन्यांचे मानधन द्यावे. प्रतिष्ठानाच्या कार्यकारी समितीत बफरमधल्या ग्रामसभांचे निवडून आलेले प्रतिनिधी घ्यावेत, आणि गेटच्या उत्पन्नातला गावाचा वाटा शासन निर्णयाने टक्क्यांत ठरवावा. जिप्सीचे परवाने गावातल्याच कुटुंबांकडे राहतील, गावकऱ्याच्या नावावर शहरातल्या मालकाची गाडी धावणार नाही, हे वनखात्याने दरवर्षी तपासावे. सफारीला जाणाऱ्या वाचकांनाही सांगणे आहे: गाइडला ‘वाघ दाखव’ म्हणू नका. हे सगळे कागदावर येईपर्यंत नागपूर जिल्ह्यातल्या कोणत्याही जंगलात नवे गेट उघडू नये, आणि आहे त्या गेटवर एकही जादा गाडी सोडू नये.