जोक कुणाच्या अंगावर पडतो?

विनोदाला जात नसते असं म्हणणारा माणूस एक तर लबाड असतो, नाही तर वरच्या मजल्यावर राहणारा असतो. वरून टाकलेलं खाली पडतं. खाली कोण राहतं हे ज्याला बघायचंच नाही, त्याला वाटतं नुसती गंमत चाललीय.

मी अमेरिकेच्या २०२४ च्या राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीबद्दल बोलतोय. तुम्ही म्हणाल, ह्याला कशाला ही उठाठेव? इथं नळाला पाणी नाही आणि हा निघाला ट्रम्प आणि हॅरिसबाईचा तंटा सोडवायला. पण दोस्तहो, ती निवडणूक आपल्या नाक्यावरही झाली. चाळीत, होस्टेलवर, लोकलच्या दारात पोरांनी तिचे जोक एकमेकांना पाठवले, टाळ्या दिल्या, भांडणंसुद्धा केली. एक ट्रम्पवाला, दुसरा हॅरिसवाला. मत दोघांनाही नव्हतं. हसायचा हक्क मात्र दोघांनीही बजावला. म्हणून माझा सवाल साधा आहे. हे सगळे हसत होते ते कुणाला?

पहिला जोक कुत्र्यामांजरांचा घ्या.

ओहायो राज्यात स्प्रिंगफील्ड नावाचं कारखान्यांचं शहर आहे. एके काळी तिथं ८० हजारांवर वस्ती होती. कारखाने बंद पडत गेले, शहर ओसरलं, ६० हजारांच्या आसपास आलं. मग तिथं हैतीचे काळे लोक आले. १२ ते १५ हजार. बहुतेक सगळे कायदेशीर कागद घेऊन आलेले. गोदामांत, कारखान्यांत राबायला लागले. हैती म्हणजे कोण? ज्या गुलामांनी मालकांच्या फौजा बुडवून १८०४ साली स्वतःचं प्रजासत्ताक उभं केलं, त्यांचा देश. गुलामांनी स्वतंत्र होण्याची हिंमत केली म्हणून १८२५ साली फ्रान्सनं तोफांची जहाजं पाठवून त्यांच्यावर नुकसानभरपाई लादली. भरपाई कुणाला? मालकांना! असा हा देश.

१० सप्टेंबर २०२४ ला फिलाडेल्फियात ट्रम्प आणि कमला हॅरिस समोरासमोर उभे राहिले. ६ कोटी ७० लाख माणसं टीव्हीपुढं बसलेली. ट्रम्प म्हणाला, स्प्रिंगफील्डमध्ये बाहेरून आलेले लोक तिथल्या रहिवाशांची कुत्री खातात, मांजरं खातात. चर्चा चालवणाऱ्या पत्रकारानं जागच्या जागी सांगितलं की शहराच्या प्रशासकाकडं अशी एकही भरवशाची तक्रार नाही. गोष्ट तिथंच संपायला हवी होती. ती तिथून वाढली.

दक्षिण आफ्रिकेतल्या एका गाणाऱ्यानं ट्रम्पचं ते वाक्य तालात बसवलं. दुनिया नाचली. ट्रम्पवाल्यांनी ट्रम्पच्या कुशीत मांजरं, बदकं बसवलेली चित्रं काढली. राजा बघा कसा मुक्या जिवांचा तारणहार! आणि ट्रम्पचे विरोधक? तेही नाचले. म्हातारा कसा बरळला म्हणून लोळून हसले. दोन्ही पक्ष हसले, दोन्ही पक्ष एकाच गाण्यावर हसले.

आणि त्याच आठवड्यात स्प्रिंगफील्डच्या शाळा रिकाम्या करत होते. बॉम्ब ठेवल्याच्या निदान ३३ धमक्या आल्या. शाळांना, दवाखान्यांना, नगरपालिकेला. सगळ्या खोट्या निघाल्या, पण वर्गातून बाहेर काढलेल्या पोराला ते कसं कळणार? राज्याच्या गव्हर्नरला शाळांत पोलीस पाठवावे लागले. हा गव्हर्नर ट्रम्पच्याच पक्षाचा. तोही सांगत होता की कुत्र्यामांजरांची गोष्ट खोटी आहे. पण गाण्यापुढं गव्हर्नरचं कोण ऐकतो! आणि उपाध्यक्षपदाचा उमेदवार व्हान्स? तो टीव्हीवर सरळ बोलून गेला की पत्रकारांचं लक्ष वेधायला गोष्टी रचाव्या लागल्या तर मी रचणार. च्यायला, एवढा प्रामाणिक चोर आपल्याकडंसुद्धा भेटत नाही.

माणूस काय खातो ते सांगून त्याला माणसातून उठवायचं, हा डाव आपल्याला नवा आहे काय? कुणाच्या चुलीवर काय शिजतं यावरून गावानं कुणाला वेशीबाहेर ठेवलं, ते आपापल्या आजीला विचारा. तिला हैती माहीत नसेल. पण गोष्ट अर्धी सांगून होण्याआधी ती पुढची अर्धी तुम्हाला सांगेल.

दुसरा जोक कचऱ्याचा.

२७ ऑक्टोबर २०२४. न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन खचाखच भरलेलं. ट्रम्पच्या सभेत लोक तापवायला टोनी हिंचक्लिफ नावाचा विनोदवीर आणून उभा केला. तो म्हणाला, समुद्रात कचऱ्याचं एक बेट तरंगतंय, त्याचं नाव प्वेर्टो रिको. प्वेर्टो रिकोचे लोक १९१७ पासून अमेरिकेचे नागरिक आहेत. अमेरिकेच्या लढायांत मेलेत. पण बेटावर राहणाऱ्याला राष्ट्राध्यक्षासाठी मत नाही. मरायला नागरिक, मताला परके. २०१७ साली मारिया चक्रीवादळानं ते बेट झोडपलं. मेलेल्यांचा सरकारनं मान्य केलेला आकडा २,९७५. तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष हाच ट्रम्प. तो तिथं गेला आणि जमलेल्या लोकांत हात पुसायच्या कागदाची भेंडोळी फेकून आला. तेव्हाही काही लोक हसले होते.

बरं, त्या कचऱ्याच्या जोकचं पुढं काय झालं? ट्रम्पच्या प्रचारवाल्यांनी हात झटकले, ते आमचं मत नव्हे म्हणाले. मग बायडन काहीतरी पुटपुटले. ते ट्रम्पच्या सगळ्या समर्थकांना कचरा म्हणाले की एका समर्थकाच्या बोलण्याला, यावर जुंपली. इंग्रजी शब्दाच्या डोक्यावरची स्वल्पविरामाएवढी खूण! ती धरायची की सोडायची यावर पंडितांनी डोकी फोडून घेतली. प्वेर्टो रिको गेलं उडत. शिवी ज्याला दिली तो बाजूला पडला आणि अपमान झाला म्हणून रडायला बसले शिवी ऐकून हसलेले. ही खरी हातचलाखी. ३० ऑक्टोबरला विस्कॉन्सिनमध्ये ट्रम्प चकाकणारं जाकीट घालून कचऱ्याच्या गाडीत चढला. गाडीवर त्याचं नाव. फोटो जगभर गेला. काय सुचलंय, वा, म्हणून त्याच्या शत्रूंनीही मान डोलावली.

मला त्या गाडीत दुसरी दोन माणसं दिसतात. एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर. मेम्फिस शहराचे काळे सफाई कामगार. १ फेब्रुवारी १९६८ ला मुसळधार पाऊस होता, आडोसा म्हणून ते कचरा दाबायच्या गाडीच्या पोटात शिरले. यंत्र चालू झालं. दोघं चिरडून मेले. त्यानंतर १३०० कामगारांनी संप केला. गळ्यात फलक अडकवून रस्त्यावर आले. फलकावर एवढंच होतं: मी माणूस आहे. त्यांच्या पाठीशी उभं राहायला मार्टिन ल्यूथर किंग मेम्फिसला गेले आणि ४ एप्रिलला तिथंच त्यांना गोळी घातली. कचरा उचलणाऱ्याला आपण माणूस आहोत हे सांगायला फलक लागला, संप लागला, तीन मुडदे लागले. ट्रम्पला कचरा कामगार व्हायला एक जाकीट पुरलं. मुंबईत, पुण्यात पहाटे गाडीवर कोण चढतं, गटारात कोण उतरतं, कुठल्या वस्तीतलं पोरगं बापाच्या जागेवर लागतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. त्यामुळं त्या फोटोला हसू येण्याआधी आपल्याला वास यायला हवा.

तिसरा जोक मताचा. तो २०१६ चा.

निवडणुकीला काही दिवस उरले असताना डग्लस मॅकी नावाच्या एका माणसानं, खोट्या नावानं, चित्रं फिरवली. रांगेत कशाला उभं राहता, घरबसल्या मत द्या, अमुक नंबरवर ‘हिलरी’ असा मेसेज पाठवा. एका चित्रात फोटो कुणाचा टाकला? काळ्या बाईचा. निदान ४,९०० वेगवेगळ्या फोनवरून त्या नंबराला मेसेज गेले. पुढं खटला झाला. १८७० साली क्लॅनच्या गुंडांना आवरायला केलेल्या कायद्याखाली २०२३ मध्ये ज्यूरीनं त्याला दोषी ठरवलं, सात महिन्यांची शिक्षा झाली. २०२५ मध्ये वरच्या कोर्टानं ती रद्द केली. कटात तो सामील होता हे पुराव्यानं सिद्ध झालं नाही, असा निवाडा. ठीक. कोर्टाचं कोर्टाजवळ. त्याच्या बाजूचे म्हणतच होते, अहो ती थट्टा होती. असेल. पण मी थट्टेचा हेतू विचारत नाही, थट्टेचा पत्ता विचारतोय. १९६५ च्या मतदान हक्काच्या कायद्याआधी दक्षिणेत काळा माणूस नाव नोंदवायला गेला की त्याला विचारायचे, साबणाच्या वडीतून बुडबुडे किती निघतात? असल्या आठवणी तिथल्या म्हाताऱ्यांनी सांगून ठेवल्यात. टेबलामागचे गोरे कारकून तेव्हाही हसतच असतील. जोकच होता ना! फक्त त्या जोकच्या शेवटी माणूस मत न देता घरी जायचा.

आता आपल्यातलाच एखादा शहाणा म्हणेल, मग काय राव, हसायचंच नाही? तोंड पाडून बसायचं? क्रांती काय सुतकात होते?

हसा की. पण डिक ग्रेगरीसारखं हसा. काळा माणूस, धंद्यानं विनोदवीर. १९६८ साली, मेम्फिस पेटलं त्याच साली, तो राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिला. प्रचाराला त्यानं डॉलरच्या नोटेसारखी पत्रकं छापली. वॉशिंग्टनच्या जागी स्वतःचं थोबाड. ती इतकी खऱ्यासारखी झाली की सरकारी माणसं जप्तीला धावली. ज्या देशानं काळ्यांना बाजारात विकून पैसा केला, त्या देशाच्या पैशावर काळा चेहरा! त्याला ४७ हजारांच्या आसपास मतं पडली. हरला. पण त्याचा जोक तिजोरीवर पडला, कुणाच्या झोपडीवर नाही.

आणि शर्ली चिझमची गोष्ट विसरू नका. १९७२ साल. ब्लॅक पँथरकडून नाव घेऊन मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेच साल. अमेरिकेच्या काँग्रेसमधली ही पहिली काळी बाई डेमोक्रॅटिक पक्षाकडं राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मागायला उभी राहिली. गोऱ्या बाया कचरल्या, काळे पुढारी कचरले, पेपरवाल्यांनी तिला गमतीचा विषय केलं. ती हटली नाही. मायामीच्या अधिवेशनात १५२ प्रतिनिधींची मतं घेऊनच ती बसली. जिला जोक ठरवलं होतं तिनं मतं मोजायला लावली.

म्हणून मी म्हणतो, हसण्याचीही बाजू असते, आणि ती बाजू जोक करणाऱ्याच्या तोंडावरून कळत नाही. ट्रम्पला हसलं म्हणजे आपण आपोआप हैतीच्या बाजूचे होत नाही. त्या गाण्यावर नाचणाऱ्या किती जणांना स्प्रिंगफील्डमधल्या एकाही पोराची काळजी होती? जोक कुणी केला हे दुसऱ्या नंबरचं. पहिलं हे बघायचं की जोक संपल्यावर घराबाहेर पडायला घाबरतो कोण.

२०२८ ला तिथं पुन्हा निवडणूक आहे. त्याआधी इथं आपल्याकडंही होतील, त्यांचेही जोक येतील. झोपडपट्टीवरचे येतील, आरक्षणावरचे येतील, ताटातल्या मटणावरचे येतील. तुमच्या हातात आला की बघा, तो वर चाललाय की खाली. खाली चालला असेल तर तो तुमच्या फोनवरून पुढं जाता कामा नये. जो पाठवील त्याला तिथंच सगळ्यांदेखत विचारा, यात हसण्यासारखं काय आहे ते जरा समजावून सांग. समजावून सांगताना त्याची जीभ अडखळली की समजा, जोक कुणाच्या अंगावर पडणार होता ते त्यालाही माहीत होतं.