आमदाराची कारकीर्द आणि कालव्याचें पाणी

लोकप्रतिनिधीच्या कारकिर्दीची किंमत कशावरून करावी, हा प्रश्न निवडणुकीच्या धामधुमींत कोणी विचारीत नाहीं, आणि निवडणूक आटोपल्यावर तो विचारण्याची कोणास निकड वाटत नाहीं. त्यामुळें आमच्याकडे आमदाराची परीक्षा बहुधा दोन मापांनीं होते. तो लग्नकार्यास व दुखवट्यास येतो कीं नाहीं, हें एक. आणि त्यानें तालुक्यांत किती कामें आणलीं, हें दुसरें. हीं दोन्ही मापें खोटीं आहेत असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु बारामती व इंदापूर ह्या तालुक्यांतील जमीनधारकानें तिसरें एक माप लावणें अवश्य आहे, आणि तें म्हणजे कालव्याचें पाणी. आमदार अधिकारावर असतांना पाणी आलें ह्यांत नवल नाहीं. तो अधिकारावरून उतरल्यावरही तें येत राहील अशी तजवीज त्यानें केली काय, हें पाहिलें पाहिजे.

उदाहरणादाखल रा. दत्तात्रय विठोबा भरणे ह्यांची कारकीर्द घेऊं. तालुक्यांत ते 'मामा' ह्या नांवानेंच ओळखले जातात. भवानीनगरचा छत्रपती सहकारी साखर कारखाना, जिल्हा मध्यवर्ती बँक व जिल्हा परिषद ह्या पायऱ्यांनीं ते वर चढले. कारखान्याचें व जिल्हा परिषदेचें अध्यक्षपद त्यांनीं भूषविलें. २००९ सालीं ते अपक्ष म्हणून विधानसभेस उभे राहिले व पडले. पुढें २०१४ सालीं सुमारें १४ हजार, २०१९ सालीं अवघ्या ३ हजारांच्या आसपास, व २०२४ सालीं १९ हजारांहून अधिक मतांनीं ते निवडून आले. तिन्ही वेळां त्यांचे प्रतिस्पर्धी रा. हर्षवर्धन पाटील होते. डिसेंबर २०१९ मध्यें ते राज्यमंत्री झाले व पुढें सोलापूरचें पालकमंत्रीपद त्यांच्याकडे आलें. २०२३ सालीं पक्ष दुभंगला तेव्हां ते रा. अजित पवार ह्यांच्या बाजूस राहिले. डिसेंबर २०२४ मध्यें त्यांस कॅबिनेट मंत्रीपद मिळालें आणि ३१ जुलै २०२५ रोजीं कृषिखातें त्यांजकडे सोंपविण्यांत आलें. अपक्ष म्हणून पराभूत झालेला मनुष्य सोळा वर्षांत राज्याचा कृषिमंत्री होतो, ही चढण लहान नव्हे. ती जनसंपर्कावांचून व कष्टांवांचून साधत नाहीं, हें विरोधकांसही मान्य करावें लागेल.

अधिकारावर बसलेल्या माणसांचा ह्या दोन तालुक्यांस कधींच तोटा पडला नाहीं. इंदापूरचे शंकरराव बाजीराव पाटील मंत्री झाले. हर्षवर्धन पाटील १९९५, १९९९ व २००४ अशा तीन वेळां अपक्ष, आणि २००९ सालीं काँग्रेसतर्फे निवडून आले. सहकारखातें त्यांनीं सांभाळलें. बारामतीचे रा. शरद पवार १९६७ सालीं प्रथम विधानसभेंत गेले आणि १९७८ सालीं मुख्यमंत्री झाले. रा. अजित पवार १९९१ पासून आठ वेळां बारामतींतून विधानसभेवर निवडून आले, आणि पाटबंधाऱ्यांचें खातें दीर्घकाळ त्यांच्या हातीं होतें. मुख्यमंत्रीपद, उपमुख्यमंत्रीपद, पाटबंधारे, सहकार, कृषि हें सारें ह्या एका पट्ट्यानें पाहिलें. असें असूनही कालव्याच्या शेवटच्या टोंकाचा शेतकरी उन्हाळ्याच्या पाळीच्या वेळीं चारीवर बसून आकाशाकडे पाहतो. हें कां?

कारण कालव्याच्या इतिहासांत आहे. नीरा डावा कालवा १८८५ सालीं सुरू झाला. १८७६-७७ च्या दुष्काळानें होरपळलेल्या मुलखास आधार म्हणून, भाटघरच्या धरणाचें पाणी पुरंदर, बारामती व इंदापूर ह्या तालुक्यांतून न्यावें, असा त्याचा मूळ हेतु. पुढें ऊस आला. वालचंदनगर, माळेगांव, सोमेश्वर, भवानीनगर येथें कारखाने उभे राहिले. आणि ज्वारी-बाजरीस जीवदान देणारें पाणी बारमाही पिकास लागूं लागलें. कालव्याच्या मुखाकडे ऊस वाढला कीं टोंकाकडे पाळी लांबते, हें सांगण्यास विद्वान लागत नाहीं. शिवाय १९८० सालीं भीमेवरील उजनी धरण पुरें झालें, आणि इंदापूरच्या उत्तरेकडील कित्येक गांवें व तेथील उत्तम काळी जमीन पाण्याखालीं गेली. तालुक्याच्या एका अंगास अथांग पाणी आणि दुसऱ्या अंगास कोरडी विहीर, असा हा विलक्षण प्रकार आहे.

आतां गेल्या कांहीं वर्षांतील सरकारी निर्णयांचा क्रम पाहावा. नीरा-देवघर धरणाचें जादा पाणी डाव्या कालव्यास मिळत असे. त्याच्या कराराची मुदत २०१७ सालीं संपली. जून २०१९ मध्यें तत्कालीन सरकारनें तें पाणी बंद करण्याचा निर्णय केला. मंत्रिमंडळ बदललें, आणि फेब्रुवारी २०२० मध्यें नव्या सरकारनें तो निर्णय फिरविला. एप्रिल २०२१ मध्यें, पुण्याकडून उजनींत येणाऱ्या सांडपाण्याच्या हिशेबांतून ५ अब्ज घनफूट, म्हणजे ज्यास सर्वजण ५ टी. एम. सी. म्हणतात, तितकें पाणी इंदापुरास देण्याचा आदेश निघाला. रा. भरणे त्या वेळीं इंदापूरचे आमदारही होते व सोलापूरचे पालकमंत्रीही होते. सोलापूर जिल्ह्यांत मोठा क्षोभ झाला, आणि महिना-सव्वा महिन्याच्या आंत, मे २०२१ मध्यें, तो आदेश रद्द करण्यांत आला. पुढें २०२२ सालीं इंदापूर व बारामतीच्या कोरडवाहू गांवांसाठीं लाकडी-निंबोडी उपसा सिंचन योजनेस मंजुरी मिळाली, तेव्हां सोलापुराकडून पुन्हा तशीच हरकत आली.

ह्या साऱ्या क्रमांत एक गोष्ट ध्यानांत येते. पाणी आलें तें हुकमानें, आणि गेलें तेंही हुकमानें. ज्या लेखणीनें दिलें, तिच्या शेजारच्या लेखणीनें काढून घेतलें. महसुली दप्तरांत ज्यांचें आयुष्य गेलें अशा आम्हांस हुकूम व नोंद ह्यांतील भेद वेगळा समजावून घ्यावा लागत नाहीं. हुकूम हा देणाऱ्याच्या खुर्चीबरोबर जगतो. त्याची बदली झाली, कीं हुकमाचेंही आयुष्य सरतें. फेरफारानें सातबारावर चढलेली नोंद मात्र मामलेदार बदलला, कलेक्टर बदलला, मंत्रिमंडळ बदललें तरी जागची हालत नाहीं; ती काढावयाची तर नोटीस द्यावी लागते, म्हणणें ऐकावें लागतें, अपिलाची वाट मोकळी ठेवावी लागते. शेतकऱ्याची जमीन नोंदीवर उभी आहे, आणि त्याचें पाणी हुकमावर तरंगत आहे. हेंच आमच्या पट्ट्याचें मूळ दुखणें होय.

ह्या संदर्भांत, कृषिखातें हातीं आल्यावर थोड्याच दिवसांत, ऑगस्ट २०२५ मध्यें, रा. भरणे ह्यांनीं इंदापुरांत महसूल कर्मचाऱ्यांपुढें जे उद्गार काढले, ते विचार करण्याजोगे आहेत. सरळ काम कोणीही करतो, परंतु वाकडें काम करून जो तें नियमांत बसवितो त्याची लोक आठवण ठेवतात, असा त्यांचा आशय होता. त्यावर वृत्तपत्रांतून बरीच टीका झाली. आम्ही ह्या उद्गारांचा सौम्य अर्थ घेतों: अडलेल्या गरिबाचें काम नियमाच्या सबबीखालीं कुजवूं नका, असें त्यांस म्हणावयाचें असेल. पण तो अर्थ घेतला तरी शंका उरतेच. वांकवून बसविलेलें काम दुसऱ्यास पुन्हा वांकवितां येतें. ज्यानें आठवण मागें ठेवली, त्यानें आपली कीर्ति ठेवली. ज्यानें नियमच सरळ केला, त्यानें पुढच्या पिढीची सोय केली. आमदाराकडून आम्हांस ह्यांपैकीं दुसरी गोष्ट हवी आहे.

ह्यावर कोणी म्हणेल, "हें सारें बोलण्यापुरतें ठीक. फाइल आपोआप हालत नाहीं. ती हालविणारा मनुष्य लागतो. जो पाणी आणील तोच आमचा." हें म्हणणें निराधार नाहीं. आदेश निघावा म्हणून रा. भरणे झटले, त्यांच्या पूर्वीचेही झटले, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु आपल्या आमदाराच्या वजनानें पाणी येत असेल, तर शेजारच्या आमदाराच्या वजनानें तें जाणारही. इंदापूरचा शेतकरी तहानलेला आहे तसा सांगोल्याचा व मंगळवेढ्याचाही आहे. त्यालाही मत आहे आणि त्यालाही आमदार आहे. नुसत्या वजनावर पाणी वाटावयाचें म्हटलें, तर दर पांच वर्षांनीं तागडी दुसरीकडे कलणार. उसाचें एक लावणीचें व दोन खोडव्यांचें पीक ज्यास घ्यावयाचें आहे, त्याला असल्या तागडीवर भिस्त ठेवून कसें चालेल?

मार्ग अगदींच नाहीं असें नाहीं. २००५ सालीं महाराष्ट्रांत दोन कायदे झाले. एकानें जलसंपत्ति नियमन प्राधिकरण नेमलें. दुसऱ्यानें सिंचन व्यवस्थेचें काम शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांकडे देण्याची, व त्या संस्थांस पाणी मोजून, हक्कानें देण्याची तरतूद केली. नाशिक जिल्ह्यांत वाघाड धरणावर शेतकऱ्यांनीं अशा संस्था स्थापून सबंध प्रकल्पाचें पाणीवाटप आपल्या हातीं घेतलें, आणि टोंकाच्या शेतापर्यंत पाणी पोंचविलें. त्यांच्यामागें मुख्यमंत्र्याचें गांव नव्हतें. त्यांच्याजवळ मोजमाप होतें, व एकमेकांचा धाक होता.

तेव्हां आमची सूचना अशी आहे. पुढील वेळीं मतासाठीं जो कोणी दारीं येईल, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, त्यास सभामंडपाची मागणी न करितां तीन गोष्टी विचाराव्या. पहिली, आमच्या वितरिकेच्या वांट्याचें पाणी किती, हें घनमापांत लेखी ठरवून, तें संस्थेच्या नांवें नोंदवून देण्यास तुम्ही झटाल काय? दुसरी, प्रत्येक पाळीच्या अखेरीस मुखापाशीं किती सुटलें व टोंकापाशीं किती पोंचलें, ह्याचा तक्ता चावडीवर लावविण्याचें पत्करतां काय? तिसरी, शेजारच्या जिल्ह्याशीं वाद असल्यास तो मंत्र्याच्या दालनांत न मिटवितां प्राधिकरणापुढें उघड सुनावणीनें मिटविण्यास तुमची तयारी आहे काय? ह्या प्रश्नांस जो सरळ उत्तर देईल, त्याच्या लग्नकार्यास न येण्याकडे आपण काणाडोळा करावा.

परंतु हे प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्यासही मिळवावा लागेल. नमुना ७ च्या अर्जांत एक एकर लिहून तीन एकर भिजविणारा, पाणीपट्टी थकविणारा, रात्रीं दार उचलून पाटकऱ्याच्या हातावर कांहीं ठेवणारा शेतकरी आपल्यांतच आहे. त्यास मोजून दिलेलें पाणी नको असतें. त्यास वजनदार आमदार हवा असतो. आमदाराच्या कारकिर्दीचा हिशेब मांडण्यापूर्वीं आपल्या चारीचा हिशेब मांडावा. रब्बीची पाळी सुटण्यापूर्वीं ज्या गांवीं पाणीवापर संस्था नाहीं तेथील जाणत्या खातेदारांनीं एकत्र बसून ती स्थापण्याचें मनावर घ्यावें, आणि जेथें ती केवळ कागदावर आहे तेथें तिचें दप्तर उघडावें, एवढीच आमची वाचकांस आग्रहाची विनंति आहे.