पेट्रोलचें माप कोणीं घ्यावें ?

जुन्या मोटारींचे शौकीन एकत्र जमले म्हणजे एक वाद हटकून निघतो. एंजिनांत पेट्रोलचा फवारा मोजून सोडण्याचें काम पंप-दट्ट्यांनीं करावें, कीं इलेक्ट्रॉनिक पेटीनें ? पुष्कळांचें म्हणणें असें कीं, ही पेटी आली आणि मोटारीचा प्राण गेला. आम्हांस हें मत मान्य नाहीं. तथापि त्यांत कांहीं तथ्य आहे, तें आधीं सांगितलें पाहिजे.

सन १९५४ मध्यें मर्सिडीज-बेंझ कंपनीनें ३०० एसएल ही मोटार लोकांपुढें आणिली. तिचा बॉश बनावटीचा पंप थेट सिलिंडरांत पेट्रोल सोडी. सारा कारभार धातूचा. कुशल कारागिरानें उघडावा, हाताळावा आणि दोष डोळ्यांनीं पाहावा! परंतु किल्ली बंद केल्यावरहि एंजिन पुरतें थांबेपर्यंत हा पंप पेट्रोल सोडीतच राही. तें न जळलेलें पेट्रोल सिलिंडरांच्या भिंती धुऊन खालीं उतरे व वंगणाचें तेल पातळ करी. सेवक मोठा इमानी खरा, पण थांबावें केव्हां हें त्यास उमगत नसे.

उलट पक्षीं, पेटीचा आरंभहि कांहीं गौरवाचा नव्हता. सन १९५८ च्या क्रायस्लर कंपनीच्या थोड्या मोटारींत बेंडिक्सची इलेक्ट्रोजेक्टर यंत्रणा होती. ती इतकी लहरी निघाली कीं, बहुतेक मोटारींना पुढें कार्बुरेटर लावावे लागले. सन १९६७ मध्यें बॉशची डी-जेट्रॉनिक अमेरिकेंत जाणाऱ्या फोक्सवॅगन १६०० मध्यें आली. एंजिनांत शिरणाऱ्या हवेचा दाब व उष्णता जाणून इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवावा, हें ही पेटी ठरवी.

आमच्या मतें वादाचा निकाल लावणारा साक्षीदार यांत्रिक पक्षाचाच आहे. सन १९७३ ची के-जेट्रॉनिक ही हवेनें उचलल्या जाणाऱ्या तबकडीवर चाले. विजेच्या मेंदूची तिला गरज नव्हती. पण धूर शुद्ध करणाऱ्या उपकरणास हवा व पेट्रोल यांचें प्रमाण अगदीं नेमकें लागतें. म्हणून सन १९७६ मध्यें व्होल्वोनें याच यंत्रणेस धुरांतील प्राणवायु ओळखणारें साधन व त्याची इलेक्ट्रॉनिक पेटी जोडली. विद्यार्थिमित्रहो, रस्त्यावरच्या मुलाच्या छातींत कोणता वायु जातो, हा प्रश्न मोटारीच्या प्राणाहून आम्हांस मोठा वाटतो.

आतां ज्यांच्याजवळ अशा मोटारी आहेत त्यांस एकच विनंती. डी-जेट्रॉनिक काढून कार्बुरेटर बसविण्याची घाई करूं नये. पुष्कळदां पेटी निर्दोष असते, आणि बिघाड असतो तो जुनाट तारांच्या सांध्यांत.