नंदू भेंडे आठवतोय का?

मंडळी, 'डिस्को डान्सर'मधलं (१९८२) कृष्णाला हाक मारणारं गाणं सगळ्यांनी ऐकलंय. गायक कोण विचारलं की मात्र गप्प!

तो नंदू भेंडे. आत्माराम भेंड्यांचा मुलगा. सत्तरच्या दशकात मुंबईत 'वेल्व्हेट फॉग' बँडमधून इंग्रजी रॉक गायचा. १९७८ साली पुलंच्या 'तीन पैशाचा तमाशा'त रॉकचा बाज घेऊन मराठी रंगभूमीवर आला. २०१४ साली गेला.

सिनेमात गायलेल्या माणसाची ही गत, तर आमच्या कोल्हापुरात गणपतीला वाजवणाऱ्या ऑर्केस्ट्रांचं काय? म्हणायला आपण कलापूर! डॉल्बीला वर्गणी निघते, जुन्या कॅसेटी जपायला नाही.

ज्यांनी ऐकलंय त्यांनी नाव, गल्ली, साल लिहून ठेवा. आणि घरातल्या कॅसेटी भंगारात घालू नका राव.