उदककुंभ आणि मोटारगाडी

वैशाख शुद्ध तृतीयेस, म्हणजे अक्षय्य तृतीयेस, आपल्या घरोघरी पितरांच्या नावाने उदककुंभ दिला जातो. मातीचा घडा, त्यात वाळा घातलेले गार पाणी, सोबत पंखा आणि आंबा. या दानाची किंमत करू गेल्यास ती अल्पच भरेल. परंतु शास्त्रकारांची दृष्टी पाहा. उन्हाने तापलेल्या जिवाला जे हवे तेच द्यावयाचे, आणि घडा भरून द्यावयाचा. रिकामा घडा पुढे करून ‘पाणी तेवढे आपण भरून घ्या’ असे कोणी यजमान म्हणत नाही.

हे सांगण्याचे कारण दानाचे एक नवे रूप होय. मोलाच्या आणि दुर्मिळ मोटारगाड्या धर्मकार्यास देण्याची चाल आता देशोदेशी पडली आहे. आपल्या परंपरेस ही कल्पना अगदीच परकी नाही. पुराणांतील षोडश महादानांत हिरण्याश्वरथ आणि हेमहस्तिरथ अशी दोन रथदाने सांगितलीच आहेत. प्रश्न इतकाच की, ऐश्वर्याचे वाहन दीनाच्या दारी गेल्यावर त्याचे काय व्हावे?

याचे उत्तम उत्तर सहा दशकांपूर्वी आपल्या देशातच दिले गेले. 1964 च्या डिसेंबरात पोप पॉल सहावे मुंबईस आले. येथील मुक्कामात त्यांच्यासाठी लिंकन बनावटीची आलिशान मोटार होती. परत जाताना ती त्यांनी मदर तेरेसा यांना दिली. त्या माउलीने त्या गाडीतून मिरवणूक काढली नाही, की ती स्मृतिचिन्ह म्हणून जपली नाही. तिने गाडीची सोडत काढली आणि आलेला पैसा कुष्ठरोग्यांच्या वसाहतीस लावला. देणारा आणि घेणारी दोघेही अन्य धर्माचे. पण दानाचे मर्म पाहताना आपण गोत्र विचारू नये. आपल्या धर्मशास्त्रात यास ‘निष्क्रय’ असा नेमका शब्द आहे. प्रत्यक्ष गाय देणे शक्य नसेल, तर तिच्या मोलाचे द्रव्य द्यावे. रोग्याला गाडी नको होती, औषध आणि छप्पर हवे होते. म्हणून गाडीचा निष्क्रय झाला.

कोणी म्हणेल, सोडत हा दैवाचा खेळ. तो धर्मकार्यास शोभतो काय? शंका रास्त आहे. लिलाव हा अधिक सरळ मार्ग. पण तोही डोळ्यांत तेल घालूनच करावा लागतो. केरळातील गुरुवायूरच्या श्रीकृष्ण मंदिरास डिसेंबर 2021 मध्ये महिंद्र कंपनीने थार ही गाडी अर्पण केली. देवस्थानाने त्याच महिन्यात लिलाव केला. बोली बोलणारा एकच निघाला आणि गाडी 15 लाख 10 हजारांस गेली. भाविकांनी हरकत घेतली, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत पोचले, आणि जून 2022 मध्ये फेरलिलाव झाला. त्या वेळी तीच गाडी 43 लाखांस गेली. म्हणजे भाविक गप्प बसते, तर सुमारे 28 लाखांचे देवद्रव्य कोणी चोरी न करताही बुडाले असते. मिळालेल्या दानाचे पूर्ण मोल उभे करणे हा विश्वस्तांचा धर्म आहे, हिशेबनिसाची किरकोळ बाब नव्हे.

आता देणाऱ्याच्या बाजूने पाहू. कठोपनिषदातील वाजश्रवसाची कथा आपल्या परिचयाची आहे. सर्वस्व देण्याच्या यज्ञात त्याने गाई दिल्या, पण कशा? ज्यांचे खाणेपिणे सरले होते आणि दूध आटले होते अशा. बाल नचिकेत्याला ते पाहवले नाही, आणि ‘मला कोणास देणार?’ असे त्याने पित्याला पुनःपुन्हा विचारले. अमेरिकेत जुन्या मोटारी धर्मादाय संस्थांना देऊन करात सूट मिळवण्याची प्रथा फार मोठी आहे. तेथे लोक मोडकळीस आलेली गाडी देत आणि तिची किंमत मनास येईल तेवढी लावून सूट घेत. अखेर 2004 मध्ये कायदा बदलावा लागला. संस्थेने गाडी विकली, तर विक्रीतून प्रत्यक्षात येईल तेवढ्याच रकमेवर सूट, असे सर्वसाधारणपणे ठरले. नचिकेत्याचे काम तेथे कायद्याने केले!

पण परदेशाकडे बोट दाखवून आपण सुटत नाही. आमच्या क्षेत्री एका अन्नछत्रास एका धनिक यजमानांनी आपल्या वडिलांची जुनी, भारी मोटार अर्पण केली. त्या दिवशीचे कीर्तन माझे होते. पूर्वरंगात मी दानमाहात्म्य लावले आणि गाडीला हारही घातला. पुढे तिचे भाग मिळेनात, कागदपत्रे दात्याच्याच नावावर राहिली, विकावी तर यजमान दुखावतील ही विश्वस्तांना भीती. निंबाखाली ती कितीतरी वर्षे गंजत राहिली. वर पत्र्याच्या छपराचा खर्च अन्नछत्राच्याच माथी. तेवढ्या पैशांत किती पंक्ती उठल्या असत्या! त्या रिकाम्या घड्याची मी स्तुती केली होती, ही बोच आजही जात नाही.

याउलट 2022 च्या मे महिन्यातील जर्मनीतील घटना पाहा. मर्सिडीझ कंपनीने 1955 साली केवळ दोनच घडवलेल्या एका मोटारीपैकी एक लिलावात 13 कोटी 50 लाख युरोंस विकली. मोटारीला इतके मोल त्यापूर्वी लिलावात कधीच आले नव्हते. ते द्रव्य पर्यावरणाच्या शिक्षणासाठी तरुणांना साहाय्य करणाऱ्या निधीस दिले गेले. धूर सोडणाऱ्या यंत्राच्या मोलातून धूर निवारण्याची विद्या, हे एक प्रकारचे प्रायश्चित्तच म्हणावयाचे. निधीला नाव मात्र कंपनीचेच. ‘न मम’ हे दोन शब्द मोठमोठ्यांनाही जड जातात.

वाचकहो, पुष्कळ घरांत आजोबांची एखादी जुनी गाडी उभी असते, आणि ती चांगल्या कामास द्यावी असे मनात येते. विचार शुभ आहे. तथापि ती आपण स्वतः विकावी, कागदपत्रे आपण उरकावीत, आणि आलेले द्रव्य द्यावे. गाडीच द्यावयाची, तर चालती करून आणि संस्थेच्या नावावर करून द्यावी, आणि ‘विका, मोडा, हवे ते करा’ असे तोंडाने स्पष्ट सांगावे. हे वाक्य म्हणजेच आजच्या भाषेतले ‘न मम’. पुढे कधी त्या दारावरून जाताना गाडी दिसली नाही, तर वाईट वाटून घेऊ नये. आत पंगत बसलेली असेल. पानावरच्या भातात आजोबांची गाडी पाहावी.