सही झाकून पाते वाचा

जुनी जपानी तलवार अभ्यासासाठी घ्यायची म्हटले की नवशिक्याला पहिला सल्ला मिळतो तो नावाचा: नामांकित लोहाराची सही असलेले पाते पाहा. दुसरा सल्ला याच्या उलट, पण तितकाच घातक: सुरुवातच आहे, तेव्हा गंजलेले स्वस्त पाते घ्या आणि त्यावर हात बसवा. या दोन्ही सल्ल्यांना आमचा विरोध आहे.

आधी सहीचे पाहू. लोहार आपले नाव मुठीत दडणाऱ्या भागावर, म्हणजे नाकागोवर, कोरतो. नाव कोरणे सोपे, पाते घडवणे अवघड. म्हणूनच खोट्या सहीला जपानीत ‘गिमेई’ असा स्वतंत्र शब्द आहे. सतराव्या शतकातील कोतेत्सुच्या नावाच्या इतक्या नकला झाल्या की त्याची सही दिसताच जाणकार आधी साशंक होतात. ‘तुका म्हणे’ एवढ्यावरून अभंग तुकोबांचा ठरत नाही, हे आपण वर्गात शिकवतो. मग पोलादाला वेगळा न्याय का? शिवाय जुन्या काळातील कित्येक लांब तलवारी पुढे मुठीकडून कापून आखूड केल्या गेल्या आणि त्यात मूळ सही गेली. मासामुनेची मानली जाणारी बहुतेक पाती विनासहीच आहेत. नावावर अडून बसणाऱ्याला ही परंपरा दिसायचीच नाही.

कोणी म्हणेल, सही हा पुरावा नव्हे काय? आहेच. बिझेन प्रांतातील ओसाफुनेच्या अनेक पात्यांवर एका बाजूस गाव व नाव, दुसऱ्या बाजूस तारीख असते. आमचा आक्षेप पुराव्याला नाही, क्रमाला आहे. ‘कान्तेई’ या पारखीच्या अभ्यासात नाकागो झाकूनच पाते हाती देतात. आधी आकार व बाक पाहायचा, मग घड्या घालून कुटलेल्या पोलादाचा पोत, मग हामोन, म्हणजे मातीचा लेप लावून पाणी दिल्यावर धारेलगत उमटलेली नक्षी. आणि त्यावरून काळ, संप्रदाय व कर्ता ओळखायचा. आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजमध्ये कवींची नावे काढून कविता वाचायला दिल्या आणि १९२९ साली त्या वाचनांचा पंचनामा प्रसिद्ध केला. पारखींची शिस्तही त्याच जातीची आहे.

आता दुसरा सल्ला. गंजाखाली ना पोत दिसतो, ना हामोन; जे वाचायचे तेच झाकलेले. मग उत्साही माणूस पॉलिशकागद घेऊन बसतो आणि पाते कायमचे बिघडवतो. दर घासणीत पोलाद झिजते, ते परत येत नाही. फार झिजल्यावर आतले मऊ पोलाद वर येते. नाकागोवरचा गंज हा तर वयाचा पुरावा. तो खरवडणे म्हणजे पोथीची पुष्पिका पुसणे. हे काम प्रशिक्षित शिकलगाराचे आहे आणि त्याची मजुरी पुष्कळदा पात्याच्या किमतीलाही मागे टाकते.

मग घ्यावे काय? आमच्या मते, एदो काळातील (१६०३–१८६८) एखादी साधी वाकिझाशी. लांबी एक ते दोन शाकू, म्हणजे सुमारे ३० ते ६० सेंटिमीटर. मोठ्या तलवारीपेक्षा बहुधा स्वस्त. कर्ता दुय्यम असो वा अज्ञात; पण झिलई चांगली हवी, धारेला आडवी चीर नको आणि हामोन टोकापर्यंत सलग हवा. त्याआधी संग्रहालयांत उत्तम पाती डोळे भरून पाहावीत. जपानमध्ये १९४८ साली स्थापन झालेल्या तलवार-संवर्धन संस्थेचे प्रमाणपत्र सोबत असल्यास उत्तमच. फक्त ते शेवटी उघडावे.

नाव आधी वाचणारा पुढे नावच पाहत राहतो. हे तलवारीपुरते नाही, हे आपल्या उत्तरपत्रिका तपासताना रोज कळते.