एक कळफलक, दोन लिप्या

संगणकावर पत्र कसे लिहावे, हे दाखविणाऱ्या चित्रफिती आज यूट्यूबवर पुष्कळ आहेत. परंतु पोहण्याचे वर्णन ऐकून काळी नदी तरून जाता येत नाही! चित्रफीत जागोजागी थांबवून हात चालविला, तरच विद्या येते. जोयड्याच्या विद्यार्थ्यांनी प्रथम इन्स्क्रिप्ट कळफलक शिकावा, असे आम्हांस वाटते. १९९१ च्या भारतीय मानकातील ह्या मांडणीत मराठी व कन्नड ‘क’ एकाच कळीवर असतात. विंडोजच्या भाषायादीत दोन्ही भाषा घालाव्या. मग विंडोज कळ व स्पेसबार एकत्र दाबताच लिपी पालटते. घरी मराठी किंवा कोंकणी आणि कचेरीत कन्नड, अशा ह्या तालुक्यात एकाच श्रमाचे हे दुहेरी फळ होय. आपल्याच गावच्या अर्जासाठी दुसऱ्याची मनधरणी करणे आम्हांस शोभत नाही.